मला आता नाही लागणार

भूगोलवालीने खोकं पाठवलं, त्यातल्या चिठ्ठीत मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. 'मला आता नाही लागणार, तुला उपयोगी पडेल.' बस्स, एवढंच. खाली नावसुद्धा नाही, आणि ते कशाला हवं, अक्षर ओळखतेच की मी. तरी कालपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आम्ही दोघी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या; सगळ्या पोरांचा भूगोल तिच्याकडे, म्हणून ती भूगोलवाली. आता तिच्या मुली पुढच्या सत्रापासून शाळेत जाणार. ही काही आजची बातमी नाही. घरी शिकवणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर तिने कळवलं तेव्हा सगळ्यांच्या आधी शुभेच्छा मीच दिल्या, वर फुलंबिलं टाकून. कारणंही पटण्यासारखी. सासऱ्यांचं दुखणं, तिची पुन्हा सुरू झालेली नोकरी, आणि थोरलीला रोज भेटतील अशा मैत्रिणी हव्यात. हे शेवटचं जरा... असो.

पण खोकं उघडलं आणि बिनसलं. आस निखळलेला पृथ्वीगोल. घडी घालून करायचा तो कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप. कडा पार चुरगळल्यात, कारण सगळ्या पोरांना एकदमच बघायचं असायचं. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवरून छापून घेतलेल्या कृती, आणि त्यातल्याच एका पिशवीत काड्यापेटीच्या काड्या न् सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. काड्या ट्यूबमध्ये खोचून केलेला त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन मात्र लगेच कलंडतो, हे माझा धाकटा त्यातूनच शिकला होता. सगळं नीट बांधून पाठवलंय. नको झालेलं सामान इतकं नीट बांधतं का कोणी?

मला नाही लागणार. म्हणजे काय, संपलं?

साधनांची आम्हाला ददात कधी नव्हतीच. नव्याने सुरू करणारं जो तो माझ्याकडे यादी मागतो आणि मी ती लगेच पाठवते: व्हिडिओ धड्यांसाठी खान अकॅडमी, फेटची विज्ञानाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग (मराठीतही आहेत), गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर, गुप्तांची साइट. सगळं फुकट. समोरून 'खूप खूप आभार' येतं. मग काही आठवड्यांनी भलत्या वेळी रात्री मेसेज येतो, 'झोपलात का?' खरं मागणं ते असतं. अपूर्णांकांचा भागाकार व्हिडिओतली बाई छान समजावते. पण पोरगं पेन्सिल फेकून पलंगाखाली जाऊन बसलं तर पुढे काय, ते तिला विचारता येत नाही. मी भूगोलवालीला विचारायचे. ती म्हणायची, 'बसू दे. तूही जरा आडवी हो.' सल्ला म्हणून बघितलं तर काहीच नाही. पण मी आडवी व्हायचे.

जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षणलेखकाने १९७७ साली घरी शिकवणाऱ्यांसाठी पत्रिका सुरू केली. तीत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांची पत्त्यांसकट यादी छापत, एकमेकांना गाठता यावं म्हणून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नवल वाटलं होतं, पत्ते कसले छापायचे? आता वाटतं, लोक आधी ती पानंच उघडत असतील.

आणि ती काठी. ती खोक्यात नव्हती, पण खोकं बघून तीच आठवली. साधारण बावीसशे वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा घेर मोजला तो सावलीवरून. इजिप्तमधल्या सायीनला, म्हणजे आजच्या आस्वानला, सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सावलीच पडत नसे. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र पडे, ७.२ अंशांची. ७.२ म्हणजे ३६० चा पन्नासावा भाग, तेव्हा दोन गावांतलं अंतर पन्नासने गुणायचं. भूगोलवालीने पोरांकडून हे करून घेतलं होतं. आम्ही इथे काठी रोवून सावली सर्वांत आखूड होईपर्यंत खडूने खुणा करत बसलो, आणि दूर उत्तरेला तिच्या मावसबहिणीची मुलं तेच करत होती. मग दोन्हीकडची मापं कागदावर काढून कोनमापक लावला. आमची पृथ्वी खऱ्या चाळीस हजार किलोमीटरपेक्षा बरीच फुगीर निघाली. पोरं खूश, कारण मोठी निघाली होती.

हा प्रयोग एका अंगणात होत नाही. काठी कुणाकडेही असते हो. पलीकडे माणूस लागतं.

तर अशी मी रडत बसलेली, आणि खोक्याच्या तळाशी तिची वेळापत्रकं सापडली. ते बघून मात्र हसू फुटलं. रंगीत शाईतलं एक, त्यावर काट. दुसऱ्यात सोमवारपुढे 'गणित' खोडून 'जमल्यास गणित'. तिसऱ्यात नुसतं 'जमल्यास'. मी हिला ठाम बाई समजत होते! एका पानावर शुक्रवारपुढे लिहिलंय, 'हिला फोन. कशी निभावते ते विचारणे.' ही म्हणजे मी. फोन यायचे शुक्रवारी, खरंच. ती विचारायची आणि मी ऐटीत सांगायचे, अगं, चाललंय मस्त.

दोघी एकमेकींना बरं चाललंय म्हणून सांगत होतो तर. चला.

तिच्या मुलींबद्दल जे वाटतंय त्यावर आज लिहीत नाही. धाकटाही परवा शाळेच्या बसकडे बघत उभा होता, त्यावरही नाही.

भूगोल आता माझ्याकडे आला. मुलगी म्हणाली, 'आई, तुला लिफ्टमधून बाहेर आल्यावर डावी-उजवी कळत नाही.' खरं आहे. म्हणून जेवणं झाल्यावर ग्रुपवर टाकलं: आमच्या सरळ उत्तरेला कोणी आहे का, चारपाचशे किलोमीटरवर, एक दुपार सावली मोजायला? दोन नव्या आयांनी उलट विचारलं की काठी कसली घ्यायची. एकाने साधनांची यादी मागितली. भूगोलवाली अजून ग्रुप सोडून गेलेली नाही. तिने नुसता अंगठा दाखवलाय. आता अंगठा म्हणजे मावसबहिणीला विचारते, की नुसतंच वाचलं? शुक्रवारी फोन करून विचारीन. यावेळी मी करीन.