घरातलं ध्यान आणि दवाखान्यातला श्वास

वॉर्डातल्या दोन-तीन जणींनी मला मागच्या महिन्यात एकच गोष्ट विचारली. सिस्टर, तुम्ही घरी ध्यानाला बसता म्हणे, सुरुवात कशी करायची ते सांगा ना. ड्यूटीवर इंजेक्शन भरता भरता सांगावी अशी ही गोष्ट नाही, म्हणून इथे निवांत लिहिते. मी अंबाजोगाईत राहते, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. घरात मिस्टर, दोन मुलं आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई. तीन खोल्यांचं घर आहे आणि त्यात स्वतंत्र देवघरसुद्धा नाही. जे सांगणार आहे ते या घरात करून पाहिलेलं आहे.

आधी श्वासाचं सांगते, कारण बहुतेक जणांचं गाडं तिथेच अडतं.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला टीपीआर घ्यायला शिकवतात. टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. पल्स बघतेय असं पेशंटला सांगितलं तरी चालतं. श्वास मोजताना मात्र सांगायचं नसतं. ‘बाबा, तुमचा श्वास मोजते हं’ म्हटलं की बाबा लगेच छाती भरून श्वास घेतात, नाहीतर धरूनच ठेवतात, आणि चार्टवर भलताच आकडा जातो. म्हणून पल्स मोजून झाली तरी आम्ही मनगट सोडत नाही. बोटं नाडीवर तशीच ठेवायची, पेशंटला वाटतं अजून पल्सच चाललीय, आणि आपली नजर त्याच्या पोटाकडे. पांघरूण वर आलं, खाली गेलं, एक. असं पूर्ण मिनिटभर. मोठ्या माणसाचा स्वस्थ असतानाचा श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20 असतो, आणि तो खरा कळायचा तर त्या माणसाला कळू न देता बघावा लागतो.

ध्यानात सगळे सांगतात की श्वासाकडे बघा, तो बदलू नका, जसा आहे तसा राहू द्या. ऐकायला सोपं आहे. बसल्यावर पहिल्याच मिनिटाला कळतं की आपण बघायला लागलो की श्वास जड होतो, मुद्दाम घेतल्यासारखा होतो, कधी छातीत दाटल्यासारखंही वाटतं. ‘मला जमतच नाही’ म्हणून माणूस उठतो तो इथेच. मला याचं नवल वाटलं नाही, कारण वॉर्डात हे रोजच बघते. फरक एवढाच की इथे पेशंटही मी आणि सिस्टरही मीच, तेव्हा लपून बघायचं कसं?

मग मी वॉर्डातलीच युक्ती घरी लावली. बसल्याबसल्या श्वासाकडे जायचंच नाही. आधी लक्ष हातांवर. एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवलेला असतो, त्याची ऊब कळते, वजन कळतं. थोडा वेळ तिथेच राहायचं. तळव्याच्या मागे पोट हलत असतं, ते हळूहळू आपोआप जाणवायला लागतं. आपण काही शोधायला गेलेलो नसतो, त्यामुळे श्वासही बिचकत नाही. तो सापडला की मग नाकाशी जायचं, आत जाणारी हवा जराशी गार, बाहेर येणारी जराशी कोमट. पुन्हा जड व्हायला लागला की परत तळव्यावर. माझ्या मते नव्या माणसाला पहिले काही आठवडे एवढंच पुरे.

माझ्या धाकटीला हे माझ्याआधी येत होतं. आपल्या राज्यात बऱ्याच शाळांतून मुलांना आनापान शिकवतात, ‘मित्रा’ उपक्रम म्हणतात त्याला. दहा-दहा मिनिटं मुलं डोळे मिटून येणारा-जाणारा श्वास बघतात. पोरगी घरी येऊन दाखवायची, पाठ ताठ, डोळे मिटलेले, आणि एका डोळ्याच्या फटीतून मी बघतेय का ते बघणं. आनापान ही विपश्यनेची पहिली पायरी. गोएंका गुरुजींच्या दहा दिवसांच्या शिबिरातही सुरुवातीचे तीन दिवस आनापानच असतं. आमच्या स्टाफमधल्या एक मावशी इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जाऊन आल्या, त्यांचा अनुभव फार चांगला आहे. शिबिराची फी नसते, जुन्या साधकांच्या दानातून ते चालतं. मलाही जायचंय. पण सलग तेवढी रजा मिळेपर्यंत घरी काहीच करू नये असं थोडंच आहे!

जागेचा प्रश्न बायका हमखास विचारतात. ज्ञानेश्वर महाराज आपल्या मराठवाड्यातले, गोदाकाठच्या आपेगावचे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात साधकाने कुठे बसावं ते त्यांनी फार सुंदर सांगितलंय. निर्मळ पाणी, ऊन असलं तरी शीतळ, वारा मंद, फारसा आवाज नाही, आणि अशा ठिकाणी एखादा मठ नाहीतर शिवालय. अंबाजोगाईकरांना अशी जागा लांब शोधायला नको. मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर दरीत आहे. तिथे जाऊन बसलं की मन न सांगता खाली बसतं. ज्यांनी 1188 साली ‘विवेकसिंधू’ लिहिला, त्यांच्या पायाशी बसतोय हेही मनात असतंच. मी सुट्टीच्या दिवशी जाते, जरूर जावं.

पण दरीतून वर आलं, रिक्षाचे हॉर्न सुरू झाले, मोबाइलवर ड्यूटीचा मेसेज दिसला की त्या शांततेतलं थोडंच हाती उरतं. ती शांतता जागेची होती, माझी नव्हती. मला आठवड्यातले बाकीचे दिवस काढायचे असतात ते घरात आणि वॉर्डात, म्हणून बसायलाही घरातच शिकायला हवं असं मला मनापासून वाटतं. घरात आवाज असणारच. नळाला पाणी आलं की सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू होतात, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, वर पोरांचं ‘आई, माझा सॉक्स?’. आवाज बंद व्हायची वाट बघत बसलं तर आयुष्यात मुहूर्त लागायचा नाही. मोटारीचा आवाज कानावर आला, आला. श्वास चालूच आहे, परत तिकडे.

माझी जागा मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांशेजारी. भावाने शेतातून पाठवलेली पोती भिंतीला लावलेली असतात, त्यांच्या आणि खिडकीच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी मोकळी जागा आहे. घोंगडीची चौघडी करून ती बुडाखाली घेते, म्हणजे कंबर गुडघ्यापेक्षा वर राहते. एवढ्या एका गोष्टीने पायाला मुंग्या येणं पुष्कळ कमी होतं, पाठही आपोआप सरळ राहते. दिवसभर उभं राहून ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी सरळ खुर्चीवर बसावं, पाय जमिनीला टेकलेले. पतंजलींनी आसनाबद्दल दोनच अटी घातल्यात, स्थिर असावं आणि सुखाचं असावं. मांडी घालताच आली पाहिजे, असं त्यात कुठे आहे? उन्हाळ्यात भिंती तापतात तेव्हा मी पहाटे गच्चीवर जाते. मे महिन्यात उजाडल्यावर त्या खोलीत कुणीच बसू नये.

सुरुवातीला आत्याबाईंना हे काही पटलं नाही. ‘डोळे झाकून काय बसायलीस गं? हरिपाठ म्हण की माझ्यासंगं.’ त्यांचा हरिपाठ रोज दिवेलागणीला, त्यात खंड नाही. लेक वारली त्या वर्षीही नव्हता. एकदा मी त्यांना विचारलं, आत्याबाई, म्हणताना तुमचं मन दुसरीकडे जात नाही का? त्या म्हणाल्या, ‘जातंय की. मन कुठं का जाईना, तोंड थांबू द्यायचं न्हाई. फिरून फिरून येतंय आपसूक.’

मी तेव्हा भाकरी थापत होते, हात थांबला. गीतेच्या सहाव्या अध्यायात 26वा श्लोक हाच आहे. चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणावं. मन जाऊच नये असं तो श्लोक म्हणत नाही. नव्या माणसाला वाटतं, विचार आले म्हणजे ध्यान बिघडलं. विचार आला, तो आल्याचं कळलं, आणि परत श्वासावर आलो, हे एक आवर्तन झालं की तोच व्यायाम झाला. बसल्या बसल्या माझ्या मनात रोस्टर येतं, भावाच्या सोयाबीनचा भाव येतो, बेड नंबर आठच्या आजींचं सलाईन येतं. आजी आल्या की मी मनात म्हणते, ‘आजी’, आणि परत नाकाशी. झिडकारायचं नाही, रागवायचं नाही. आत्याबाईंना मी आता वेगळं काही समजावत नाही, त्यांची साधना माझ्यापेक्षा जुनी आणि पक्की आहे.

आता फायदा काय, हेही विचारतात. मी मला दिसलेलंच सांगते. मॉनिटरवर तरुण पेशंटची पल्स लक्ष देऊन बघितली तर श्वास आत घेताना ती किंचित वाढते आणि सोडताना किंचित उतरते. शरीराची रचनाच तशी आहे. सोडलेला श्वास लांबला की हृदयाला सावकाशीचा निरोप मेंदूकडून जातो, व्हेगस नावाच्या नसेमार्फत. ध्यानात आपण मुद्दाम काही लांबवत नाही, पण बसून थोडा वेळ झाला की श्वास सोडणं आपसूक लांबतं, आणि अंगातला ताण उतरल्याचं कळतं.

पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच आहे. परवा हँडओव्हरच्या, म्हणजे ड्यूटी बदलायच्या वेळी एका पेशंटचे नातेवाईक अंगावर आले. डॉक्टर अजून आले नाहीत, तुम्ही काय करता इथे, म्हणून मोठ्याने बोलायला लागले. मला राग येतो तेव्हा तो आधी जबड्यात येतो, दात एकमेकांवर घट्ट बसतात, मग कानाच्या पाळ्या गरम होतात, आणि मग तोंडातून शब्द. हा क्रम मला ध्यानाला बसायला लागल्यावरच दिसायला लागला, आधी सगळं एकदमच यायचं. त्या दिवशी जबडा आवळला तो कळला. तेवढ्यात एक श्वास आला नि गेला. आणि मला त्या माणसाचे हात दिसले, थरथरत होते. त्याची आई आत होती. मी म्हटलं, ‘दादा, या, आईजवळ उभे राहा, मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावते.’ तो गप्पच झाला. जबडा आवळणं आणि तोंड उघडणं यांच्यामध्ये ही जी बोटभर जागा मिळते, तिच्यासाठी मी बसते. मोठीशी अभ्यासावरून बोलताना घरातही तीच कामाला येते. आता ती पूर्ण वाक्य बोलते आणि मी ते शेवटपर्यंत ऐकते.

एक गोष्ट मात्र नर्स म्हणून कळकळीने सांगते. ध्यान सुरू केलं म्हणून बीपीची, शुगरची, झोपेची किंवा डिप्रेशनची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अशी माणसं आमच्याकडे बीपी 200 च्या वर घेऊन येतात, आणि सोबत घरचे म्हणतात, आता बरं वाटत होतं म्हणून थांबवली. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. आणि डोळे मिटल्यावर कुणाला जुनं काही भयंकर आठवून घाबरं होत असेल, जीव नकोसा वाटत असेल, कानात आवाज येत असतील, तर एकट्याने बसणं थांबवावं आणि मानसोपचार तज्ज्ञांना भेटावं. तालुक्याला तज्ज्ञ नसले तरी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, मोफत, मराठीतही बोलतात. लाज वाटण्यासारखं त्यात काहीच नाही. हाड मोडल्यावर आपण प्लास्टर घालतोच ना.

किती वेळ बसायचं? दहा मिनिटं. मोबाइलला फ्लाइट मोड, त्यातच अलार्म, आणि फोन पोत्यामागे. पंधरा-वीस मिनिटं पुढे आपोआप होतात, नाही झाली तरी बिघडत नाही. पतंजलींनी अभ्यास पक्का व्हायला तीन गोष्टी सांगितल्यात: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने. लोक पहिल्या दोन धरतात. मला तिसरी फार महत्त्वाची वाटते. आदर म्हणजे चूळ भरून, तोंड धुऊन बसणं, मांडीवर मोबाइल नसणं, आणि घरातल्यांना ‘दहा मिनिटांत येते’ असं सरळ सांगून बसणं. चोरून बसू नये. पोरं दोन-चार दिवस दार वाजवतात, मग त्यांनाही सवय लागते.

खंड न पडणं हे शिफ्ट ड्यूटीवाल्यांना सगळ्यात अवघड. पहाटे पाचला बसा असं सगळे सांगतात, पण नाईट असते तेव्हा पहाटे पाचला मी सकाळची औषधं काढत असते. त्यामुळे मी घड्याळाचा नाद सोडला आणि अंघोळीला धरलं. मॉर्निंग असो, इव्हिनिंग असो, नाईट असो, दिवसातून एकदा अंघोळ तर होतेच, आणि अंघोळीनंतर केसांचं पाणी टिपलं की थेट घोंगडी. नाईट करून आल्यावर मात्र आधी झोप. जागरण झालेलं असताना डोळे मिटून बसलं की मान पडते, आणि शरीराला तेव्हा खरंच झोपच हवी असते. पुढच्या आठवड्यात माझी नाईट आहे, म्हणजे दुपारी चारला उठून अंघोळ, मग पोत्यांशेजारी दहा मिनिटं, आणि त्यानंतर चहा. ज्या मुलींनी विचारलंय त्यांच्यातल्या दोघींची नाईट माझ्याबरोबरच आहे, त्यांनीही त्या आठवड्यात असंच धरून बघावं.