ऊन लागलं नव्हतं

मे महिन्यात आमच्या चोपड्याकडे माणूस घामाघूम होऊन थरथरायला लागला की घरात एकच बोललं जातं, ऊन लागलं. माझ्या आईलाही तेच वाटलं. तिने कांदा ठेचून तळपायाला चोळला, कैरीचं पन्हं पाजलं आणि उशाशी बसून विचारत राहिली, "तुले काय जयं रे दादा?" मला माहीत होतं, पण मी बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी वादळात आमची केळी घडांसकट आडवी झाली. त्यानंतर माझी झोप गेली, माणसांत बसावंसं वाटेना, एकदा विहिरीच्या काठावर बराच वेळ उभा होतो. बायको मला जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. एस्सिटॅलोप्रॅम नावाची डिप्रेशनवरची 10 मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली आणि दीड महिन्यात मी पुन्हा मळ्यात जायला लागलो. त्या गोळीने मला उभं केलं, हे आजही मनापासून सांगतो.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, दारू, गांजा, आणखी काही? मी म्हणालो, कधीतरी बियर. केळीची गाडी भरायच्या रात्री आमच्यात एक कॅप्सूल फिरते, हे सांगितलं नाही. ट्रॅमाडॉल. मुळात ते दुखण्यावरचं औषध. पाठ दुखत नाही, मन हलकं होतं, पहाटेपर्यंत घड उचलता येतात. 2018 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, तरी मित्राच्या खिशात असायचंच. मला वाटायचं, हा नशा थोडाच आहे, औषध तर आहे.

त्या रात्री एकीने काही जाणवलं नाही, म्हणून आणखी दोन घेतल्या. पहाटे जबडा आवळायला लागला. पाय आपोआप उडत होते, पोट बिघडलं, छातीत धडधड, आणि एका जागी बसवत नव्हतं. दुपारी दवाखान्यात नेलं तेव्हा ताप 103 होता. बाहेरचं ऊन बघता तिथेही आधी उष्माघातच धरला. सलाईन लावलं, ओले टॉवेल ठेवले.

मग एका तरुण डॉक्टरांनी माझं पाऊल हातात धरून झटकन वर दाबलं. पाऊल थांबेचना, ठकठक ठकठक हलत राहिलं. डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या पाहिल्या. नुसत्या उन्हाने असं होत नाही, म्हणाले. "काय घेतलंय?" मी म्हणालो, काही नाही. तेव्हा बायकोने पर्समधून माझ्या गोळ्यांची स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि हळूच म्हणाले, "मला पोलिसांना कळवायचं नाहीये. मला फक्त पुढचं औषध ठरवायचंय." मी रडलो आणि सांगून टाकलं.

याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. माझी गोळी मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवते आणि ट्रॅमाडॉल दुखणं थांबवता थांबवता तेच करतं. दोन्ही एकत्र आले की ते प्रमाणाबाहेर जातं. वर फिट येण्याचा धोका वेगळा. झटके शांत करायचं इंजेक्शन दिलं आणि सायप्रोहेप्टाडीनच्या गोळ्या सुरू केल्या. लहान पोरांना भूक लागावी म्हणून देतात तेच औषध. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाय शांत झाले. ताप चढतच राहिला असता तर किडनीपर्यंत गेलं असतं, असं त्यांनी आईसमोर न सांगता मला सांगितलं.

जळगावला परत गेलो तेव्हा सगळं खरं सांगितलं. पार्टीत नशेसाठी घेतात त्या गोळ्या, खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, यांचंही असंच होतं म्हणे. डिप्रेशनच्या गोळीमुळे काही नशा कमी चढतात, मग माणूस जास्त घेतो आणि तिथेच जीवावर बेततं. मी विचारलं, लोडिंगच्या दोन दिवस आधी माझी गोळी बंद ठेवली तर? डॉक्टर ठाम नाही म्हणाले. औषध अंगातून लगेच जात नाही, वर चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके आणि जुना आजार परत.

मधल्या काळात एका रात्री फार घाबरलो, तेव्हा 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. पलीकडून मराठीतच बोलले, पैसे लागले नाहीत.

परवा कॅप्सूल देणारा मित्र ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, दोन वर्षं झाली, एक दिवस नाही घेतली तर अंग मोडतं, घाम सुटतो, झोप येत नाही. सगळ्या फेकून देतो म्हणत होता. एकदम बंद करू नको, डॉक्टर हळूहळू कमी करतात, असं मी त्याला सांगितलं. बुधवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं जळगावला जातोय.