बुबुळांवर ठिपका लावता येत नाही

आज लेकीला घेऊन 'द पोलर एक्स्प्रेस' हा उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या आगगाडीचा ॲनिमेशनपट आयमॅक्सच्या भल्यामोठ्या पडद्यावर थ्रीडीत पाहिला. इथल्या म्युझियममध्ये नाताळात लावतात. रॉबर्ट झेमेकिसचा २००४ सालचा सिनेमा. तो बनवताना नटांच्या अंगावर, चेहऱ्यावर चमकते ठिपके. कॅमेरे त्यांची हालचाल टिपणार आणि त्यावरून संगणकात माणूस उभा राहणार. छोटा मुलगा, वडील, कंडक्टर, सांता, सगळ्यांमागे टॉम हँक्सच! पण बुबुळांवर ठिपका कसा लावणार? म्हणून नजर कुठेतरी हरवलेली वाटते. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरींनी १९७० मध्येच लिहिलंय, यंत्रमानव जवळजवळ माणसासारखा दिसू लागला की अंगावर काटा येतो. इथेही तसंच होतं.

एवढ्या मोठ्या पडद्यावर ते डोळे जास्तच खुपतात, खरंय. तरीही गाडी गोठलेल्या तळ्यावर घसरायला लागली, पडद्याची कडाच दिसेनाशी झाली आणि आम्ही दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. हे घरच्या टीव्हीवर कधीच झालं नव्हतं. मला हा अनुभव मनापासून हवा असतो.

२००७ च्या 'बेवुल्फ' या अशाच तंत्राच्या सिनेमासाठी झेमेकिसने नटांच्या डोळ्यांभोवती सेन्सर लावले, बुबुळांची हालचाल टिपायला. तोही आता याच पडद्यावर पाहायचाय. कुठे लागला तर नक्की कळवा.