तिप्पट फंड कोणालाही मिळावा का?

अमेरिकेत ऑप्शन्स (शेअर ठरलेल्या भावाने पुढे घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काचे सौदे) करायचे म्हटलं की ब्रोकर आधी फॉर्म भरून घेतो, कमाई किती, अनुभव किती, हे सगळं विचारतो आणि मग परवानगी देतो. पण टीक्यूक्यूक्यू, म्हणजे नॅसडॅक-100 या अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या इंडेक्सच्या रोजच्या चढउताराच्या तिप्पट हलणारा फंड, साध्या शेअरसारखा घेता येतो, बहुतेक ठिकाणी कोणी हटकतही नाही.

नोव्हेंबर 2019 मध्ये एसईसीने, म्हणजे तिकडच्या शेअरबाजाराच्या नियामकाने, हे बदलायचा प्रस्ताव आणलेला. लेव्हरेज्ड (दुप्पट-तिप्पट हलणारे) किंवा इनव्हर्स (इंडेक्सच्या उलट चालणारे) फंड घेणाऱ्या सामान्य माणसाला त्यातलं कळतंय का हे ब्रोकरने आधी तपासायचं, मगच अकाउंटला हिरवा कंदील. छोटे गुंतवणूकदार जाम भडकले, आमचे पैसे, आम्ही बघू काय करायचं ते, हजारोंनी पत्रं गेली, आणि ऑक्टोबर 2020 च्या अंतिम नियमातून तो भाग गायब. राहिलं काय, तर नवे फंड साधारण दुपटीपर्यंतच, पण आधीपासूनचे तिप्पटवाले तसेच चालू. धोका तोच, फक्त जुन्यांना पूर्वजांची पुण्याई कामाला आली.

मला पत्रं लिहिणाऱ्यांची बाजू पटते. पगार बघून अक्कल मोजायची हा प्रकारच चुकीचा, श्रीमंत माणसंही यात मजबूत हात पोळून घेतात. पण एक गणित प्रत्येकाकडून करून घ्यायला काय हरकत आहे?

इंडेक्स 100 वर आहे. आज 10 टक्के पडला, 90. उद्या 11.11 टक्के चढला, परत 100. तिप्पट फंड आज 30 टक्के पडून 70, उद्या 33.33 टक्के चढून 93.33. बरं, मग उलटा तिप्पट घेतलेला फायद्यात असेल ना? तो आज 130 आणि उद्या 86.67! इंडेक्स जागच्या जागी आणि दोघंही बुडाले, कारण तिप्पट हे रोजच्या रोज नव्याने मोजलं जातं, वर्षाचं नाही. 2022 मध्ये नॅसडॅक-100 साधारण 33 टक्के पडला आणि टीक्यूक्यूक्यू 79 च्या आसपास, तिथून मुद्दल परत यायला जवळपास पाचपट व्हावं लागतं. (2010 ला घेऊन गप्प बसलेल्यांनी बक्कळ कमावलं हेही खरं, बाजार सलग चढत असला की हेच गणित तुमच्या बाजूने फिरतं.)

5 फेब्रुवारी 2018 तर कहर. व्हिक्स, म्हणजे बाजार किती हेलकावे खाईल याच्या अंदाजाचा इंडेक्स, त्याच्या फ्युचर्सच्या (पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या) उलट चालणारी क्रेडिट स्विसची एक्सआयव्ही नोट एका फटक्यात 90 टक्क्यांहून जास्त घसरली आणि नंतर बंदच केली. त्या दिवशी अमेरिकेचा एसअँडपी 500 इंडेक्स पडला होता फक्त 4 टक्के. माहितीपत्रात हे होऊ शकतं असं छापलेलं होतं, पण वाचतो कोण?

कोरियात असले फंड घ्यायच्या आधी तासाभराचा ऑनलाइन कोर्स करावा लागतो, वर खात्यात 1 कोटी वॉन. कोर्स मला पटतो, पैशाची अट नाही, तिकडचे बरेच लोक मग अमेरिकेतले तिप्पट फंड उचलायला लागले.

पुण्यातला भाऊ म्हणतो आपल्याकडे सेबी असले फंड काढूच देत नाही ते बरं. अरे पण आठवड्यात संपणारे वीकली ऑप्शन्स आहेत की! सेबीनेच 2024 मध्ये सांगितलं, तीन वर्षांत एफअँडओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या 93 टक्के लोकांनी पैसे घालवले. तिप्पट फंडात निदान लावले त्यापेक्षा जास्त तरी जात नाहीत, ऑप्शन विकणाऱ्याला तेवढीही सोय नाही.