मामांची डिस्क आणि लॉस्ट प्लस फाउंड

परवा पंचवटीत मामांच्या फोटो स्टुडिओत बसलो होतो, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली, त्यामुळे लिनक्सवाला जुना कॉम्प्युटर धाडकन बंद. लाइट आल्यावर बघतो तर लग्नाच्या फोटोंची डिस्क माउंटच होईना, म्हणजे उघडेचना. मामा म्हणाले, "अरे मागच्या वेळेसारखं वाय वाय दाब की." म्हणजे दुरुस्तीचं टूल विचारेल त्या प्रत्येक प्रश्नाला डोळे झाकून हो. म्हटलं मामा थांबा, हात लावू नका.

एरवी नुसती लाइट गेली तर ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्कवर फायली मांडायची पद्धत) जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, वाचून स्वतःच सावरते, इथे सुपरब्लॉकच, म्हणजे अख्ख्या मांडणीची मुख्य माहिती असलेला डिस्कचा तुकडाच, खराब झालेला. त्याच्या बॅकअप कॉप्या डिस्कवर ठिकठिकाणी असतात, डिस्कचे तुकडे म्हणजे ब्लॉक ४ केबीचे असतील तर पहिली ३२७६८ नंबरच्या ब्लॉकवर. आधी डीडीरेस्क्यू या कॉपी काढणाऱ्या टूलने रात्रभर अख्ख्या डिस्कची कॉपी काढली आणि मग त्या कॉपीवर एफएससीके हे डिस्क तपासणारं टूल मायनस एन लावून चालवलं, म्हणजे फक्त बघायचं, लिहायचं काही नाही. यात जर्नल रिप्ले होत नाही, म्हणजे त्यातले राहिलेले बदल डिस्कवर लागत नाहीत, म्हणून चुका जरा जास्तच दिसतात, घाबरायचं नाही.

आता हे टूल आत करतं काय, तर दिवाळीआधी किराणा दुकानात स्टॉक मोजतात ना, तसं. वहीत काय लिहिलंय ते बाजूला ठेवायचं आणि फळीवरचा माल स्वतः मोजायचा. पहिल्या पासमध्ये ते फोल्डरकडे बघतच नाही, सरळ एकेक आयनोड (फाइलची माहिती आणि तिचे ब्लॉक कुठे आहेत याची नोंद) उघडतं, कुठला ब्लॉक कोणाचा याचा स्वतःचा नकाशा बनवतं, आणि एकाच ब्लॉकवर दोन फायलींनी हक्क सांगितला तर तिथेच पकडतं. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. दुसऱ्यात फोल्डरमधल्या नोंदी, तिसऱ्यात प्रत्येक फोल्डर वर रूटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपर्यंत, पोचतो का, चौथ्यात लिंकांची, म्हणजे एका फाइलकडे किती नावं बोट दाखवतात याची मोजणी, पाचव्यात आपला नकाशा डिस्कवरच्या बिटमॅपशी (कुठला ब्लॉक वापरात, कुठला मोकळा याची यादी) ताडून बघायचा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे फाइलचं नाव आयनोडमध्ये नसतंच! ते फोल्डरच्या नोंदीत असतं. म्हणून फोल्डरचा ब्लॉक गेला की फोटो शाबूत असतो पण बेनाव होतो, आणि लॉस्ट प्लस फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये हॅश (#) आणि पुढे आयनोड नंबर अशा नावाने येऊन पडतो. लोकांना वाटतं हा कचरा आहे आणि डिलीट करून टाकतात, कृपा करून असं करू नका!! आणि फोटोच्या आतले बाइट बिघडले असतील तर एफएससीकेला ते कळतही नाही, ते फक्त हिशोब जुळवतं. म्हणून मी आधी कॉपी, आधी कॉपी म्हणून सगळ्यांच्या मागे लागतो.

मग कॉपीवर खरी दुरुस्ती चालवली. लॉस्ट प्लस फाउंडमधल्या फायलींवर फाइल कमांड लावली, ती नाव न बघता सुरुवातीचे बाइट बघते, एफएफ डी८ एफएफ असेल तर जेपेग. पहिलीच उघडली तर कोणाच्या तरी हळदीचा फोटो, नवरीच्या गालाला हळद लावणारी आजी. मामा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "ही सिडकोतली पार्टी, अल्बम द्यायचाय अजून."