कायद्याने दुचाकी

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि तिचं बुलेटवर मागे बसणं संपलं. टांग टाकता येईना, एका बाजूला बसायला डॉक्टरांनी मनाई केली. लालबागहून फोर्टात पेन्शनच्या कामाला जायचं म्हणजे टॅक्सी, आणि मीटर पडला की तिचं अर्धं लक्ष मीटरकडे. एकदा ती सहज म्हणाली, "तुझ्या बाबांनी चेतकला साइडकार लावली होती, तशी लाव की."

एक जुनी साइडकार मिळाली. पत्रा ठीक होता, आतली गादी मात्र उंदरांनी खाल्लेली. कुर्ल्याच्या गॅरेजमधल्या उस्तादांनी ती बुलेटच्या डाव्या बाजूला चार ठिकाणी क्लॅम्प करून बसवली. मला वाटलं होतं, नटबोल्ट आवळले की झालं. त्यांनी ॲल्युमिनियमच्या दोन सरळ पट्ट्या जमिनीवर ठेवल्या. एक बुलेटच्या दोन्ही टायरांना टेकवून, दुसरी साइडकारच्या चाकाला. मग पुढून टेप लावली, मागून टेप लावली. साइडकारचं चाक किंचित आत वळलेलं हवं, पुढचं अंतर मागच्यापेक्षा जेमतेम दोन सेंटीमीटर कमी. बाईक स्वतः उजवीकडे केसभर कललेली. चक्कर मारून आलो की हँडल डावीकडे ओढत असे आणि उस्ताद पुन्हा पाना घेऊन खाली बसत. तीनदा. वजन वाढल्यामुळे पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाकही, एका दाताने लहान केलं. ॲव्हरेज किती पडलं ते मी आईला सांगितलेलं नाही.

गाडीत असा बदल केला की आरसीवर नोंद लागते, कलम ५२. त्यात दोन सुट्ट्या गेल्या. लायसन्स मात्र वेगळं काढावं लागलं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत मोटरसायकल म्हणजे दोन चाकांची गाडी, आणि तिला जोडलेली, जादा चाकाची, सुटी करता येणारी साइडकारही त्यातच धरलेली. वाचून मी खूश झालो होतो. तो आनंद कुठे संपतो ते पुढे येतंच.

शिकायला रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेट. रस्ते रुंद, ऑफिसं बंद, बघायला फक्त कुत्री. पंधरा वर्षं बुलेट चालवून पहिल्या दहा मिनिटांत मी फुटपाथला लागलो. ही गाडी झुकतच नाही. आपण सवयीने अंग कलतं करतो आणि ती सरळ जाते. हँडल दोन्ही हातांनी ओढून वळवायचं, ट्रॅक्टरसारखं. ॲक्सिलरेटर दिला की डावीकडे खेचते, कारण साइडकार मागे रेंगाळते. ब्रेक दाबला की उजवीकडे, कारण साइडकारला ब्रेक नाही आणि तिला थांबायचंच नसतं. आणि डावं वळण! रिकामी साइडकार घेऊन जरा वेगात वळलो, तर डावीकडचं चाक उचललं गेलं. डोळ्यांच्या कोपऱ्यात ते हवेत गरगरताना दिसलं. ॲक्सिलरेटर सोडला, हँडल उजवीकडे सैल केलं, तेव्हा धप्पकन खाली आलं. दुसऱ्या दिवशी वाळूची गोणी टाकली. आता आई बसते. गोणीची जागा घेतल्याचं तिला आवडलेलं नाही.

मुंबईचं ट्रॅफिक हे एका रेषेत जाणाऱ्यांचं आहे. दोन बसमधून आता घुसता येत नाही, रिक्षाच्या मागे रिक्षासारखं उभं राहायचं. खड्डा मी चुकवतो आणि डावं चाक त्यातच जातं, मग खालून "आई गं" ऐकू येतं. ती इतकी खाली बसते की शेजारच्या बसचा धूर थेट तिच्या तोंडावर. बसवाल्याला ती दिसते की नाही, ही माझी कायमची धाकधूक. सोसायटीत पार्किंगचं भाडं टू-व्हीलरचं की कारचं, यावर दोन मीटिंगा झाल्या. तिसरी बाकी आहे.

पण सिग्नलला पाय टेकावा लागत नाही. पावसात परळच्या ओल्या पेव्हर ब्लॉकवर, जिथे आधी जीव मुठीत धरायचो, तिथे मी आरामात बसून असतो. आई मांडीवर पर्स, पायाशी भाजीची पिशवी घेऊन गप्पा मारते, मागे बसून हे कधीच जमत नव्हतं. भायखळ्याच्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्या ती मान वर करून बघते. टॅक्सीवाले काच खाली करून "कितने में बनाया?" विचारतात आणि ती आकडा दुप्पट करून सांगते.

राहिला कायद्याचा आनंद. दुचाकी म्हटल्यावर सी-लिंक बंद, कोस्टल रोड बंद, फ्रीवे बंद, जे.जे. चा पूलही बंद. रुंदी रिक्षाची, बंदी दुचाकीची.

गेल्या महिन्यात त्याच पुलाच्या तोंडाशी हवालदाराने हात केला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ही टू-व्हीलर का थ्री-व्हीलर?"

मी आरसी काढायच्या आत आईने हेल्मेटची काच वर केली. "पुलावरून सोडणार असाल, तर तुम्ही म्हणाल ती."

तो हसला आणि त्याने खालचा रस्ता दाखवला. मोहम्मद अली रोडने फोर्ट गाठायला पाऊण तास लागला. बँकेत तोवर जेवणाची सुट्टी झाली होती.