पंजाब मेलचा शेवटचा थांबा: फिरोजपूर

पंजाब मेल आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते, पण ती शेवटी जाते कुठे हे विचारलं की बहुतेकजण दिल्ली म्हणतात. मीही म्हणायचो. ती जाते फिरोजपूरला, मुंबईपासून सुमारे 1,930 किलोमीटर. 1912 पासून धावणारी ही गाडी फाळणीआधी पार पेशावरपर्यंत जायची. आता सतलजच्या अलीकडे, फिरोजपूर कँटला तिचा प्रवास संपतो.

आमचे मेव्हणे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना शेजारी एक शीख पलटण होती. दर 12 सप्टेंबरला त्यांच्याकडे सारागढी दिवस, म्हणजे 1897 मध्ये सारागढीच्या चौकीवर लढून पडलेल्या एकवीस शीख शिपायांची आठवण, साजरा होई आणि यांना बड्या खान्याचं, म्हणजे पलटणीच्या मेजवानीचं, आमंत्रण असे. "दाजी, फिरोजपूरचा तो सारागढी गुरुद्वारा एकदा बघायचाय," हे मी दहा वर्षं ऐकत होतो. मला स्वतःला हुसैनीवाल्याला, भगतसिंग-राजगुरूंच्या समाधीला जायचं होतं, राजगुरूंसाठी. दोन्ही ठिकाणं एकाच गावाजवळ आहेत हे नकाशा उघडल्यावर कळलं आणि नाशिकरोडहून दोन तिकिटं काढली.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका, धुक्यामुळे गाड्या कितीही उशिरा पोहोचतात. मे-जूनबद्दल तर बोलायलाच नको. तिकीट 60 दिवस आधी खुलतं, तेव्हाच काढा. गाडी पोहोचते तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे, म्हणून लॉजवाल्याला आधी फोन करून ठेवा. आम्ही केला नव्हता. शटरवर थापा मारत अर्धा तास थंडीत उभे राहिलो आणि आत गेल्यावर गिझर बंद निघाला. आणखी एक, 'फिरोजपूर कँट' आणि 'फिरोजपूर सिटी' अशी दोन स्टेशनं आहेत. लुधियाना-जालंधरकडून येणार असाल तर नीट पाहून उतरा.

सारागढी गुरुद्वारा छावणीच्या भागात आहे. कँटहून रिक्षा मिळते, "सारागढी साहिब" एवढं म्हटलं की पुरे. वास्तू फार भव्य नाही. सुवर्णमंदिराचं चित्र डोळ्यापुढे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. पण ती बांधली सैन्याने, 27,118 रुपये खर्चून, आणि 1904 मध्ये खुली झाली. एका चौकीवर पडलेल्या शिपायांसाठी इंग्रजांच्या सैन्याने इथे स्मारक म्हणून पुतळा किंवा खांब न उभारता गुरुद्वारा बांधला, ही गोष्ट मला तिथे उभं राहीपर्यंत सुचली नव्हती. डोक्याला रुमाल बांधायचा, पाय धुऊन आत जायचं. भिंतीवर एकवीस नावं कोरलेली आहेत. मला गुरुमुखी येत नाही. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी बोट फिरवत नावं वाचून दाखवली: हवालदार ईशरसिंग, नाईक लालसिंग, लान्सनाईक चंदासिंग, मग एकेक शिपाई. मेव्हणे हात जोडून, सावधान उभं राहतात तसे उभे होते.

गोष्ट थोडक्यात सांगतो. 12 सप्टेंबर 1897. आज पाकिस्तानात असलेल्या समाना डोंगररांगेवर इंग्रजांचे दोन किल्ले होते, लॉकहार्ट आणि गुलिस्तान. दोन्ही एकमेकांना दिसत नव्हते, म्हणून मधल्या उंचवट्यावर सारागढीची चौकी, निरोप पुढे पाठवण्यापुरती. तिथे 36 व्या शीख पलटणीचे एकवीसजण होते. सकाळी नऊच्या सुमारास ओरकझाई आणि आफ्रिदी टोळ्यांनी वेढा घातला. सर्वसाधारणपणे दहा हजार हा आकडा सांगतात, काहीजण कमी धरतात. लॉकहार्टवरून पलटणीच्या कर्नल हॉटनला सगळं दिसत होतं, पण मदत पोहोचवता येत नव्हती. चौकी दुपारी तीनच्या आसपास पडली. एकवीसपैकी कुणीही वाचलं नाही.

हे सगळं इतक्या तपशिलात कळलं ते हेलिओग्राफमुळे. म्हणजे तिकाटण्यावर बसवलेला आरसा, त्यावर ऊन पाडून चमक मारायची, लांब-आखूड, मोर्सच्या लिपीत. लंगरमध्ये जेवण झाल्यावर मेव्हण्यांनी स्वतःची धुतलेली थाळी उचलली, दारातल्या उन्हात धरली आणि समोरच्या भिंतीवर चमकेचा ठिपका नाचवला. दोन लहान पोरं त्या ठिपक्यामागे पळू लागली.

"बघा, मी थाळी इकडे धरतो तेव्हा हात मोकळा नाही. समोरून आलेलं वाचायला दुसरा पाहिजे, लिहून घ्यायला तिसरा. हे तीन माणसांचं काम आहे, दाजी. तो पोरगा एकटा करत होता."

तो पोरगा म्हणजे शिपाई गुरमुखसिंग. त्याने शेवटचा निरोप पाठवला तो परवानगी मागणारा: यंत्र आवरून बंदूक उचलू का? परवानगी आली. त्याने हेलिओग्राफ कातडी पिशवीत भरला आणि मग लढायला गेला. मेव्हण्यांच्या मते या सगळ्या गोष्टीत शिपाई ओळखायची जागा हीच, शौर्याच्या वर्णनांपेक्षा ही. मरण समोर दिसत असताना सरकारी सामान पिशवीत नीट घालून ठेवणारा माणूस. (त्यांचा दुसरा प्रश्न होता, चौकीला पाणी कुठून येत होतं? ते त्यांनी त्या आजोबांना तीनदा विचारलं.)

एकवीसही जणांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं. हिंदी शिपायाला तेव्हा मिळू शकणारं ते सर्वोच्च शौर्यपदक, कारण व्हिक्टोरिया क्रॉस आपल्या माणसांना 1911 पर्यंत खुलं नव्हतं. चौकीत बाविसावाही एकजण होता, दाद नावाचा, लढाऊ हुद्द्यावर नसलेला. तोही मेला. पदकांच्या यादीत तो नाही.

शक्य असेल तर 12 सप्टेंबरलाच जा, तेव्हा मोठा कार्यक्रम असतो. गर्दी नको असेल तर आमच्यासारखं आडवारी. छावणीत फोटो काढताना आधी विचारा. गुरुद्वाऱ्याचा फोटो चालतो, पलटणीच्या फाटकांचा आणि पाट्यांचा नाही.

याच छावणीत आणखी एक गोष्ट घडायची राहून गेली आणि तिची पाटी मला कुठे दिसली नाही. फेब्रुवारी 1915 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या गदर पक्षाने छावण्यांमधल्या हिंदी शिपायांना उठवायचा बेत आखला होता. फिरोजपूर त्यात होतं. ठरल्या दिवशी गदरचा कर्तारसिंग सराभा कीर्तनाच्या जथ्याच्या वेशात साथीदारांना घेऊन इथे आला. पण फितुरीने बेत आधीच फुटला होता आणि शिपायांवर पहारे बसले होते. सराभा आला तसा परत गेला. त्याचा साथीदार विष्णू गणेश पिंगळे, आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचा, महिन्याभराने मेरठच्या छावणीत बाँबसह पकडला गेला. 16 नोव्हेंबर 1915 ला दोघांना लाहोरच्या तुरुंगात एकाच दिवशी फाशी दिली. सराभा एकोणीस वर्षांचा होता. सारागढीच्या गुरुद्वाऱ्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ज्यांच्यापुढे तो आदर्श ठेवला होता, त्यांनाच फोडायला सराभा आला होता.

दुपारी हुसैनीवाला. शहरापासून दहा-बारा किलोमीटर, रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, थांबण्याचे पैसे आधी बोलून घ्या. आमच्या रिक्षावाल्याने परत येताना भाव वाढवला. सीमेचा भाग आहे, ओळखपत्र लागतंच. माझं आधार कार्ड लॉजवर राहिलं होतं, त्यामुळे अर्ध्या वाटेवरून मागे फिरलो. मेव्हण्यांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही, ते जास्त लागलं.

भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरूंना 23 मार्च 1931 ला लाहोरला फाशी दिल्यावर सतलजच्या या काठावर घाईघाईने जाळलं. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली. 1961 मध्ये सुलेमानकीजवळची बारा गावं देऊन भारताने ती परत घेतली. आधी मी हा आकडा दोनदा तपासला. बारा गावांच्या बदल्यात एक चितेची जागा. बटुकेश्वर दत्तांचीही समाधी इथेच आहे, 1965 ची. राजगुरूंच्या पुतळ्यापुढे मी त्यांच्या खेडचा म्हणून नाही, पण मराठी म्हणून उगाच जरा जास्त वेळ उभा राहिलो. दरवर्षी 23 मार्चला आणि वैशाखीला फिरोजपूरहून इथवर खास रेल्वे सोडतात, एरवी रुळांवर गवत.

संध्याकाळी सीमेवर झेंडा उतरवण्याचा सोहळा असतो. अटारीपेक्षा गर्दी कितीतरी कमी आणि माणूस बसतो अगदी जवळ. मात्र वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि सीमेवरच्या परिस्थितीप्रमाणे सोहळा लोकांसाठी बंदही होतो, मे 2025 मध्ये झाला होता. आदल्या दिवशी गावात विचारा, इंटरनेटवरच्या वेळांवर जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी मोग्याच्या रस्त्याने अँग्लो-शीख युद्ध स्मारक. लोकल बस सोडते, पण कंडक्टरला आधी सांगून ठेवा. कालव्यांच्या काठावर 1976 मध्ये बांधलेली इमारत, आत चित्रकार किरपालसिंग यांची लढायांची भलीमोठी चित्रं आणि थोडी हत्यारं. आम्ही होतो तेव्हा तिसरा माणूस नव्हता. सहल म्हणून बघितलंत तर अर्ध्या तासात बाहेर याल. आधी थोडं वाचून गेलात तर दोन तास पुरणार नाहीत. माझा सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला.

1809 च्या तहापासून सतलज ही रणजितसिंह आणि इंग्रज यांच्यातली हद्द होती. त्याआधी, 1805 मध्ये, यशवंतराव होळकर, इंग्रज सेनापती लेकची फौज पाठीवर असताना, मदत मागायला पंजाबात आले होते. रणजितसिंहांनी मदत दिली नाही, होळकरांना बियासच्या काठी तह करावा लागला. आपल्याला याचा राग येतो, पण रणजितसिंहांनी त्यातून धडा घेतला: कवायती पायदळ आणि तोफा नसतील तर इंग्रजांपुढे निभाव नाही. 1822 मध्ये नेपोलियनच्या सैन्यातले दोन जुने अधिकारी, अलार आणि व्हेंतुरा, लाहोरला नोकरीला आले आणि त्यांनी पलटणी घडवल्या. 1839 मध्ये महाराज गेले. मागे राहिली ती उत्तम फौज आणि एकमेकांचे गळे कापणारा दरबार.

डिसेंबर 1845 मध्ये ही फौज सतलज उतरून आली. 18 ला मुदकी, 21-22 ला फिरोजशाह. फिरोजशाहची ती रात्र इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या सर्वांत वाईट रात्रींपैकी. गव्हर्नर जनरल हार्डिंग स्वतः रणात होता. त्याने आपल्याजवळची नेपोलियनची तलवार सुरक्षित जागी पाठवून दिली. समोरच्या तोफा नेपोलियनच्याच माणसांच्या तालमीतल्या होत्या! सकाळपर्यंत इंग्रजांचा दारूगोळा संपत आला होता. तेवढ्यात शीख सेनापती तेजसिंग ताज्या दमाची फौज घेऊन आला, थोडी तोफबाजी केली आणि माघारी वळला. इंग्रजांचे 694 मेले, 1,721 जखमी झाले, पण मैदान त्यांच्याकडे राहिलं. तेजसिंग आणि दुसरा सेनापती लालसिंग यांच्याबद्दल पंजाबात आजही जे शब्द वापरतात ते इथे लिहिता येणार नाहीत.

10 फेब्रुवारी 1846 ला सोबराँवला शेवट झाला. म्हातारे शामसिंग अटारीवाले पांढरे कपडे घालून लढायला उतरले आणि परत आले नाहीत. त्याच वर्षी इंग्रजांनी हरलेल्या शिखांमधूनच दोन पलटणी उभ्या केल्या, त्यातल्या एकीचं नाव फिरोजपूर. सारागढीला नेणारी वाट इथून निघते.

मी बाहेर येऊन हे मेव्हण्यांना म्हणालो, जरा तक्रारीच्या सुरात. ते पेरू खात होते.

"आमची जंगी पलटण 1768 ची," ते म्हणाले. "मुंबईला इंग्रजांनी उभी केली. पेशवे तेव्हा पुण्यात होते. मग आम्ही काय म्हणायचं?"

मुदकी तिथून फार लांब नाही. ज्यांना इंग्रजांनी उभारलेला स्तंभ बघायचाय त्यांनी गाडी करावी, बसने दिवस जातो. आम्ही ती सोडली आणि अमृतसरची बस धरली. अमृतसरलाही सारागढी गुरुद्वारा आहे, 1902 चा, सुवर्णमंदिरापासून पाच मिनिटांवर. इतका लहान की लोक समोरून जातात आणि त्यांना कळत नाही. मुद्दाम विचारत जा. अटारी रस्त्यावरचं पंजाब राज्य युद्धवीर स्मारक आणि तिथली 45 मीटरची पोलादी तलवार बघायला सोमवार टाळा. मला ते जरा चकचकीत वाटलं, मेव्हण्यांना आवडलं.

परतीच्या गाडीत त्यांनी पिशवीतून दाढीचा गोल आरसा काढला आणि खिडकीतल्या उन्हात तिरका धरला. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. "सॉरी मॅडम," म्हणून त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि पिशवीत घालून बंद लावून टाकला.